कोठीतला जावई

आमच्या मालकाला दोन्ही कानांनी चांगलं ऐकू येत होतं, हे आधीच सांगून ठेवतो. शहागंजात आमचं पत्रा बडवायचं दुकान. दिवसभर हातोडे चालायचे, शेजारचा चहावाला बोटं दाखवून चहा विचारायचा, आणि एवढ्या कालव्यात कोपऱ्यात कुणाच्या हातून पत्रा जोडायची एखादी रिपिट खाली पडली तर मालक गादीवरून ओरडायचा, "किसने गिराई रे?" पण रजा म्हटलं की त्याचा हात कानामागं जायचा.

"क्या? सजा?"

"रजा."

"मजा?"

"रजा, मालक, रजा!"

"हौ, मजा तो है. अल्ला का करम है," असं म्हणून तो पानाला चुना लावायला घ्यायचा.

पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं उलटली होती. निजामाचा कारभार गेला, मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला. आमच्या दुकानात मात्र सालाची रजा काही आली नाय. लगीनसराईत पत्र्याच्या पेट्यांना गिऱ्हाईक लागायचं, म्हणून रजा नाय. लगीनसराई संपली की पुढच्या लगीनसराईचा माल करायचा, म्हणून रजा नाय. मधल्या दिवसांत धान्याच्या कोठ्या बनवायच्या. आणि कोठ्यांचं काम निघालं की मला तर मुळीच रजा नाय, कारण कोठीत शिरू शकणारा माणूस दुकानात मी एकटा होतो.

ते काम असं असायचं. कोठी म्हणजे पत्र्याचा मोठा उभा डबा, वर माणसाचे खांदे कसेबसे जातील एवढं तोंड. तिच्या सांध्याला रिपिटा मारायच्या तर बाहेरून एकानं हातोडा हाणायचा आणि आतून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा लावून धरायचा. आत मी. बाहेर माझा जोडीदार, वयानं माझ्याच बरोबरीचा, एका कानानं गेलेला. दोनदा टकटक केलं की ठोकळा वर घे, एकदा केलं की खाली घे. बाकीचे गडी अंगानं असे की त्यांचं एक ढुंगण आत गेलं असतं तर दुसरं बाहेर राहिलं असतं. मी शिडशिडीत. मालक मला 'पहिलवान' म्हणायचा. त्याला वाटायचं मला राग येतो. मला कशाला राग येईल? माझ्यावाचून कोठी होत नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

आता सासुरवाडीचं सांगतो. माझी सासुरवाडी लासूर स्टेशनच्या बाजूला. मेंढरं, थोडी जमीन, माणसं सरळ. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तवा सासऱ्यानं विचारलं, "जावईबापू, शहरात तुमचं बसणं-उठणं कुटं असतंय?" मी जे खरं ते सांगितलं, "दिवसभर कोठीत असतो."

तेव्हा तिकडं धान्य कणगीत नायतर पेवात ठेवायचे. पत्र्याची कोठी त्यांनी पाहिलेली नव्हती. कोठी म्हणजे त्यांच्या लेखी तालुकदाराचा बंगला, बाहेर शिपाई, आत पंखा. सासरा उठून उभाच राहिला. सासूनं पदर सावरला. मी काय करणार? मी खोटं बोललो नव्हतो. त्यांनी जे समजून घेतलं ते त्यांचं त्यांनी घेतलं, मी कुणाचं समजणं दुरुस्त करत हिंडत नाय. पुढं कुणी विचारलं की दुकान कोण चालवतं, तर "माझ्यावाचून चालत नाय" एवढंच म्हणायचो. तेही खरंच होतं.

मग धोंड्याचा महिना आला. याआधीच्या धोंड्याला मला रजा मिळाली नव्हती. तिकडं माझ्या साडूचे पाय धुतले, त्याला ताट दिलं, आणि माझ्या नावानं शेजारच्या पाटावर एक सुपारी ठेवून तिच्यापुढं अनारसे ठेवले. साडूनं स्वतःचे खाल्ले, वर सुपारीचेही खाल्ले. ही गोष्ट बायको येता-जाता ऐकवायची.

"औंदा पाटावर कोन बसनार? तुमी का सुपारी?"

"मी."

"मागच्या टायमालाबी तुमी 'मीच' म्हनले हुते. सुपारी तरी येळेवर हजर असती."

साडू म्हणे चार गावांत सांगत होता की मोठ्या जावयाला कुणीतरी वरच्यानं बांधून ठेवलंय. हे मला झोंबलं. ज्याच्यावाचून दुकान चालत नाय त्याला रजा मिळत नाय, हे सासुरवाडीला कळलं तर माझी काय राहिली? या वेळी जायचंच होतं, आणि ते सुद्धा कुणी सोडलं म्हणून नव्हे, मी निघालो म्हणून.

मालकापुढं जाऊन उभा राहिलो. या वेळी 'रजा' म्हटलंच नाय. म्हणालो, "मालक, अधिक महिना लागलाय. मला चार दिवस सासुरवाडीला जायचंय."

शब्द वेगळा पडला म्हणून त्याला ऐकू आलं. "अधिक महिना बोले तो?"

"तीन वर्षांनी येतो. तेरावा."

"देखो रे, सुनो!" त्यानं सगळे हातोडे थांबवले. "रजा के वास्ते लोगां मय्यत बनाते. ये पहिलवान पूरा महिना बना के लाया!"

सगळे हसले. मी हसलो नाय. "तुमालाबी ठावं हाय मालक. धोंड्याच्या महिन्यात लग्नं होत नायत, पेट्या खपत नायत, दर वेळी तुमीच बोंबलता."

"मालूम है," तो म्हणाला, "पर कायदे की बात कर. सालाना रजा साल में मिलती. साल में महिने कित्ते? बारा. ये तेरवां साल के बाहर का. बाहर के महिने की रजा मैं कां से देऊं?"

"मग बाहेरच्या महिन्याचं काम मी कुठून करू?"

त्याचं पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. "तनखा मैं अंग्रेजी महिने से देता. अंग्रेजी में तेरवां नै."

"मग रजाबी इंग्रजी महिन्यानं द्या. मला जूनमधी पाहिजे."

"जून में कोठी का काम है."

अशी आमची रोज व्हायची. एक दिवस तर म्हणाला, "मैं तेरे भले का बोलरा. सास तेरेकू धोंडे खिलाएगी, अनारसे खिलाएगी, ऊपर से घी. तू फूल जाएगा. वापस आके कोठी में घुसेगा कैसे? फिर मैं क्या करूँ, नया दुबला आदमी कां ढूंढूँ?" यावर जोडीदारानंही मान हलवली, ज्याला एका कानानं ऐकू येत नव्हतं त्यानं. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाय. तशीही आमची टकटकच असायची, ती तेवढी चालू ठेवली.

सासुरवाडीहून निरोप आला की या. मी उलटा निरोप धाडला, "कोठी सोडून येता येत नाय." यातही खोटं काही नव्हतं. पण तिकडं माझी आजेसासू होती, बायकोची आजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र कातरीसारखी. ती म्हणाली म्हणे, "जावई कोठी सोडत नाय तर मी कोठीवर जाते. मी काय सुपारीला अनारसे घालनार नाय आता." आणि माझ्या मेव्हण्याला बरोबर घेऊन म्हातारी लासूरहून पाशिंजरनं निघाली. मला याचा पत्ता नाय. मी आपला कोठीत.

बाहेर काय झालं ते मला जोडीदारानं पुढं साभिनय सांगितलं. टांगा दुकानापुढं थांबला. मेव्हण्यानं म्हातारीला पायरीवर चढवलं आणि तो टांग्यातलं ओझं उतरवायला परत गेला. म्हातारीच्या हातात एक गाठोडं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. गादी, गादीवर तक्क्याला टेकलेला पांढऱ्या कपड्यातला भरदार माणूस. कोठीतला जावई याहून वेगळा कसा असणार? माझ्या लग्नात तिनं मला पाहिलं होतं ते अंतरपाटाच्या कडेनं आणि तेही मोतीबिंदूतून.

ती सरळ गादीपाशी गेली, दुकानातला पाण्याचा तांब्या उचलला आणि मालकाचा पाय धरून धुवायला लागली.

"अरे अरे, अम्मा, ये क्या करते!" मालक ओरडला. पण दुकानात चार हातोडे पत्र्यावर चालू होते. म्हातारीला त्यातलं 'अम्मा' तेवढं ऐकू आलं आणि ती खूष झाली. "बगा, आम्मा म्हनलं! शहरात ऱ्हाऊन हिंदी फाडाया लागले, पन माया हाय." दुसरा पाय धुतला. पदरानं पुसला. मालक म्हातारीचा हात कसा झटकणार? आईच्या वयाची बाई. त्यानं गड्यांकडं पाहिलं, गड्यांनी मोठ्या मनानं हातोडे चालू ठेवले. तिनं कपाळाला कुंकू लावलं. तिनं निरांजन पेटवून ओवाळलं. मग तिनं गाठोड्यातून अनारसा काढून त्याच्या तोंडात घातला. आता तर बोलायची सोयच राहिली नाय, आणि पहिला खाऊन झाल्यावर त्यानं दुसऱ्याला नको असंही म्हटलं नाय.

तेवढ्यात जोडीदारानं माझ्या कोठीवर टकटक केली. दोनदा नाय, एकदा नाय, भजनाच्या टाळासारखी. मला वाटलं याला झटका आला. मी ठोकळा खाली ठेवून कोठीच्या तोंडातून डोकं बाहेर काढलं.

समोर माझी आजेसासू माझ्या मालकाला अनारसा भरवत होती. हातोडे आता थांबले होते. सगळं दुकान बघत होतं.

"तीन वर्सानं येक म्हैना येतो," म्हातारी मालकाला झापत होती, "आन तुमाला सवड नाय? कोन आडवतो तुमाला? म्हने दुकान तुमच्याबिगर चालत नाय! मंग तुमाला आडवनारा त्यो मेला हाय तरी कोन? त्याला हितं बोलवा. त्याच्या थोबाडातच अनारसा कोंबते."

मालकाच्या थोबाडात तिसरा अनारसा होता. त्यानं चावता चावता विचार केला. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की सगळं त्याच्या ध्यानात आलंय, कोण कुणाचा जावई, कुणी कुणाला काय सांगितलंय. आणि मग त्याला माझं डोकं दिसलं.

माझी सगळी अब्रू त्या वेळी त्याच्या तोंडातल्या अनारशामागं अडकून पडली होती. हात जोडायचे तर दोन्ही हात कोठीच्या आत. बाहेर असते तरी मी जोडले नसते. मी नुसतं त्याच्याकडं बघितलं.

तेवढ्यात मेव्हणा ओझं घेऊन आत आला. "आजे! हे काय करायलीस? हे दाजी नायत!"

"मंग कोन हायत?" म्हातारीचा हात तिथंच राहिला. "आन दाजी कुटं हायत तुजे?"

मालकानं अनारसा गिळला, रुमालानं तोंड पुसलं आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, "मैं तो मुनीम हूँ, अम्मा. मालिक कोठी में हैं."

"घे!" म्हातारी मेव्हण्यावर गरजली. "म्या काय म्हनत हुते? कोठीतच हायत!"

मेव्हणा वळला. त्याला कोठी दिसली आणि कोठीच्या तोंडातून निघालेलं माझं डोकंही दिसलं. पोरगा हुशार. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कोठीकडं पाहिलं, गालात जीभ फिरवली. "व्हय आजे," तो म्हणाला, "कोठीतच हायत. मला हितून दिसायलेत."

आता बोलायची पाळी माझी. मी डोकं आत घेतलं. कोठीत बोललं की आवाज असा घुमतो की आपलाच आपल्याला मोठा वाटतो. मी विचारलं, "कोण आलंय?"

"गं माय," म्हातारी म्हणाली, "केवढालं घर आसंल ते!"

"आजी, नमस्कार करतो!" मी आतून म्हणालो. "कामात होतो. आता निघतोच लासूरला." आणि मग, कसा काय माहीत, पुढचं आपोआप तोंडातून निघालं. "मुनीमजी!"

बाहेर एकदम सामसूम. शहागंजात आमचं दुकान इतकं शांत मी परत कधी ऐकलं नाय.

"मुनीमजी, मी चार दिवस सासुरवाडीला चाललोय. दुकान सांभाळा."

मग गादीवरून आवाज आला, "जी, मालिक." आणि लगेच, "मालिक, चार नक्को. दो."

"चार."

"तीन, मालिक. बीच की बात."

"चार म्हंजे चार!" कोठी अशी दणाणली की वरच्या फळीवरचे डबे वाजले.

"लई तोंडाळ मुनीम हाय तुमचा," म्हातारी म्हणाली. "पन खातो चांगला."

मला कोठीतून बाहेर काढायला मेव्हणा आणि जोडीदार दोघं लागले. बगलेत हात घालून ओढत होते, मी एक हात वर, एक खांदा वाकडा करून निघत होतो. म्हातारी विचारत होती, "आजून कसे येईनात?" मेव्हणा धापा टाकत म्हणाला, "जिने लई हायत, आजे."

लासूरला माझा धोंडा झाला. पाटावर मी बसलो, सुपारी नव्हे. पाय धुतले, ताट दिलं, धोंड्यावर तूप असं ओतलं की धोंडा पोहायला लागला. साडू शेजारच्या पाटावर होता, त्याच्याकडं कुणी बघेना, कारण म्हातारी सगळ्या आळीला सांगत होती की कोठी किती उंच, आवाज कसा घुमतो, आणि मुनीम कसा गादीवरून 'जी मालिक' म्हणाला. साडूनं विचारलं, "मुनीम गादीवर आन मालक आत?" म्हातारी म्हणाली, "मोठ्या मानसांचं तसंच आसतंय. तुला काय कळतंय त्यातलं?" मेव्हणा तोंड दाबून अंगणात पळाला. त्यानं कुणाला काही सांगितलं नाय, फक्त निघताना माझ्या कानाशी म्हणाला, "दाजी, माज्या लग्नात एक कोठी द्या. ऱ्हायाची नको, दान्याची." ती मी पुढं दिली. तिच्यात मीच बसून रिपिटा धरल्या होत्या.

परत आलो. फुगलो वगैरे काही नव्हतो, कोठीत पहिल्यासारखाच शिरलो. म्हातारीनं मुनीमासाठी बांधून दिलेले अनारसे मालकापुढं ठेवले. त्यानं उघडले, खाल्ले, गड्यांना वाटले. मला वाटलं आता झापणार, नायतर निदान हसणार. त्यानं तसलं काही केलं नाय. तो मला 'मालिक' म्हणायला लागला. पहिलवान गेलं ते गेलंच. "मालिक, जरा कोठी में उतरिये." "मालिक, चाय लेंगे?" गिऱ्हाइकापुढंही तेच. गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं, मी मान ताठ ठेवून ठोकळा उचलायचो.

आणि त्याचा डाव मला कळला तो दिवाळीत. माझी एकुलती एक बहीण बिडकीनला दिलेली. भाऊबीजेला जायचं म्हणून मी गादीपुढं उभा राहिलो. रजा हा शब्द उच्चारला, तो त्याला पहिल्या झटक्यात ऐकू आला.

"मालिक को रजा कौन देगा?" तो म्हणाला. "आपीच बोलो. मैं ठहरा मुनीम."

"मग मीच मला देतो."

"दे दो," त्यानं गादीखालून दुकानाची किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "मगर मुनीमकू भी घर है, बच्चे है. त्योहार का दिन. मुनीम की भी छुट्टी. बाकी लोगां की भी. अब दुकान का मालिक देख ले."

आणि तो खरंच चपला घालून घरी गेला. पाठोपाठ गडी. जोडीदारही गेला, जाताना कोठीवर दोनदा टकटक करून.

किल्ली तिथंच सोडून जाता आलं असतं. बायकोही तेच म्हणाली. पण चार गावांत मालक म्हणवून घेतलेला माणूस भर सणात दुकानाला कुलूप लावून कसा जाईल? लोक काय म्हणतील? भाऊबीजेला आमच्या ओळीत एकच दुकान उघडं होतं. मी गादीवर बसलो होतो. बसायला काही विशेष नाय ती गादी, मधे खड्डा पडलेला आहे.

दुपारी बहीण ताट घेऊन बिडकीनहून तिथंच आली. शहागंज सगळं बंद, मी एकटा गादीवर, मागं रिकाम्या कोठ्या. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं आणि इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "दादा, आजबी रजा नाय दिली व्हय त्या मेल्यानं?"

"कुणाची टाप हाय मला रजा नाकारायची?" मी म्हणालो. "मीच घेतली नाय."